तिचा फॉर्म मी भरला

माझ्या इंग्रजीचा मला फार माज होता. दोन हजार चार साल होतं. सांता क्लारात येऊन दोन वर्षं झाली होती, डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे अंगातली सगळी रग इंग्रजीतून बाहेर पडायची. केबलवाल्याशी भांडायचं असो की हीटर बिघडला म्हणून अपार्टमेंटच्या ऑफिसात जायचं असो, मी पुढे. आमच्या बरोब्बर खाली राहणारी चिनी बाई आणि मी एकाच सुमाराला गरोदर राहिलो, तेव्हा तिची वकिली मी आपणहून अंगावर घेतली. तिने मागितली नव्हती.

घरी आम्ही तिला ‘खालची’ म्हणायचो. तिच्या देशात ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. इंग्रजी वाचता यायचं, पण सावकाश, आणि मदतीला तळहातावर मावेल असली इलेक्ट्रॉनिक डिक्शनरी. बोलताना मात्र दोनच शब्द, ‘ओके’ आणि ‘थँक यू’. तिचा नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत होता आणि सकाळी जो जायचा तो संध्याकाळीच उगवायचा.

मला मुलगी झाली, तीन आठवड्यांनी तिला मुलगा. माझ्यासाठी पुण्याहून सासूबाई आल्या होत्या, डिंकाचे लाडू, आळीव आणि बाळंतशोपा घेऊन. तिच्या आईचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. हॉस्पिटलात तिच्यापुढे बर्फाचं पाणी आणि गार जेली यायची. बाळंतिणीने गार काही घ्यायचं नाही, हे तिच्याकडेही होतं. ती ओके, थँक यू म्हणायची आणि ट्रे तसाच परत पाठवायची, आणि पेशंटला भूक नाही अशी नोंद व्हायची. घरी आल्यावर महिनाभर ती पायात मोजे, डोक्याला टोपी, खिडक्या बंद करून एकटी बसली.

“बघ, चीनमधली असून तिला कळतं,” सासूबाई मला सुनवायच्या. “आणि तू खुशाल अनवाणी फिरतेस.” मग आळिवाच्या खिरीचा डबा माझ्या हातात देऊन मला खाली पिटाळायच्या. खालची तो दोन्ही हातांनी घ्यायची.

सहा आठवड्यांच्या तपासणीला तिला मीच घेऊन गेले, कारण मला गाडी येत होती. दोन्ही बाळं सासूबाईंकडे ठेवली. क्लिनिकमध्ये नर्सने विचारलं, फोनवर मँडरिनचा दुभाषा मिळू शकेल, लावू का? खालची तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “गरज नाही, मी आहे ना.” खालचीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ओके.”

मग तिच्या हातात एक फॉर्म आला. दहा प्रश्न होते. गेल्या आठवड्यात रडू येत होतं का, कारण नसताना भीती वाटली का, अशा धर्तीचे. प्रत्येकापुढे चार चौकोन. तीन आठवड्यांपूर्वी हाच फॉर्म मी भरला होता. दहाच्या दहा ‘कधीच नाही’, मिनिटभरात. सगळं खोटं. त्या दिवसांत मी रोज रडत होते. सासू हातात ताट आणून देते, मुलगी धडधाकट, नवरा सहाच्या ठोक्याला घरी. मग रडायला काय धाड भरली होती, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं. ज्याचं कारण देता येत नाही ते लिहायचं कसं?

आणखी एक गोष्ट होती. प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या एका पॉटलक जेवणात मैत्रिणीने मला बजावलं होतं, “त्या फॉर्मवर खरं काही लिहू नकोस हं. एकीने डिप्रेस्ड वाटतं म्हणून सांगितलं, तर डायरेक्ट सोशल सर्व्हिसवाले घरी! बाळ घेऊन गेले यार.” ती ‘एकी’ कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विश्वास मात्र सगळ्यांचा होता.

खालची एकेक शब्द डिक्शनरीत शोधत होती. मला बसवत नव्हतं. घरी मुलगी भुकेने कळवळत असेल, ब्लाउज ओला व्हायला लागला होता, आणि हिचं आपलं सावकाश चाललेलं. मी वाकून पाहिलं. रडणं, बहुतेक रोज. भीती, बहुतेक रोज. शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का, असा होता. तो तिने डिक्शनरीशिवाय दोनदा वाचला आणि ‘कधीकधी’वर खूण केली.

मी तिचा हात धरायला हवा होता. मी पेन हिसकावलं. “नो, नो. दे टेक बेबी!” एवढं इंग्रजी तिला लगेच कळलं. ती पांढरीफटक पडली. मी काउंटरवर जाऊन, पहिल्यावर पाणी सांडलं असं खोटंच सांगून दुसरा फॉर्म आणला आणि माझ्या हाताने दहा वेळा ‘कधीच नाही’ केलं. नर्सने फॉर्मवरून नजर फिरवली, म्हणाली “ग्रेट!” आणि कुटुंबनियोजनाचं पत्रक दिलं. परतताना गाडीत खालची मला थँक यू म्हणाली, आणि आपण एक संसार वाचवला असं मला वाटलं.

ते वाटणं दोन दिवस टिकलं. मग माझं कशात लक्ष लागेना. जिन्यात पाऊल वाजलं की मी दार उघडायची. खालचं बाळ रडायला लागलं की घड्याळ बघायची, थांबलं तरी बघायची. दिवसातून तीनदा काहीतरी निमित्त काढून खाली जायची. ती दार उघडून ओके म्हणायची आणि मी परत यायची. नवऱ्याला सांगितलं नाही, सासूबाईंना सांगितलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी तीच वर आली. बाळ माझ्या हातात दिलं, पिशवी दाराशी ठेवली, “ओके?” म्हणाली आणि गेली. दुकानात गेली असेल, असं मी धरून चालले. अकराला बाळ उठलं म्हणून पिशवी उघडली, तर आत दुधाच्या पाच बाटल्या. दिवसभराच्या.

मी खाली धावले. दाराला कुलूप. तिच्या नवऱ्याचा नंबर माझ्याकडे नव्हता, इतकी मी शेजारीण. पार्किंग पालथं घातलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. बारा वाजले, एक वाजला. दोन पोरं आलटून पालटून रडत होती आणि मी फोन उचलत होते, ठेवत होते. शेवटी सासूबाईंपुढे सगळं ओकले, तिच्या फॉर्मचं. माझ्या फॉर्मचं तेव्हाही नाही.

त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. “अगं, बाळ नेतील म्हणून बाई घालवायची का? लाव फोन.”

मी क्लिनिकला फोन लावला. नर्सला म्हटलं, तिचा फॉर्म मी भरला, ती उत्तरं तिची नव्हती. शेवटच्या प्रश्नाला खालचीने काय लिहिलं होतं, असं नर्सने विचारलं. मी सांगितलं. ती रागावली नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. खालचीने कुठले कपडे घातलेत हे विचारून ती म्हणाली, “मी पोलिसांना शोधायला सांगते.”

“बाळ नेतील का?” मी विचारलं.

“बाळ तुझ्याजवळ आहे. आधी आई सापडू दे.”

एवढ्यात दार वाजलं. दारात खालची. चेहरा उन्हाने लाल, पायात तेच मोजे. “कुठे मेली होतीस गं!” मी मराठीत किंचाळले आणि जीभ चावली. ती एल कमिनो या हमरस्त्यावरच्या बसमध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत गेली होती आणि परत आली होती, हे नंतर कळलं. पुन्हा गेली होती, पुन्हा आली होती. उतरायचं कुठे ते तिचं ठरत नव्हतं.

नर्सने दुभाषा जोडला. फोन स्पीकरवर ठेवून मी बाहेर जायला निघाले, तर खालचीने माझी ओढणी धरली. मग ती बोलायला लागली. मी तिला वर्षभर ओळखत होते आणि तिचा आवाज मला माहीत नव्हता. भरभर बोलत होती, मध्येच चिडत होती, एकदा तर हसलीही. दुभाषी बाई “थांबा, थांबा” म्हणत मागे पडत होती. खालची मुळात मुखदुर्बळ नव्हतीच. मी मात्र तिच्या वतीने ओके ओके करत हिंडले होते. मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी खाली बघत बसले.

अर्ध्या तासाने नर्स म्हणाली, आजच तिला घेऊन या, डॉक्टर थांबतील, बाळालाही आणा, कुणी नेणार नाही. मी उठले. खालची फोनकडे वाकून आणखी काहीतरी बोलली, आणि दुभाषी बाईने ते इंग्रजीत सांगितलं.

“ती विचारते आहे, वरच्या बाईंनासुद्धा बोलायचं आहे का? ती म्हणते, यांच्या बाथरूमचा नळ रोज सकाळी बराच वेळ चालू असतो. छत पातळ आहे. पाण्याच्या आवाजामागचं सगळं खाली ऐकू येतं.”

सासूबाईंनी हातातली बाटली खाली ठेवली. मला आधी रागच आला. हिला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला!

“तुझ्यासाठी कुठल्या भाषेचा दुभाषा लावू?” नर्सने विचारलं.

“मला इंग्रजी येतं,” मी म्हटलं, आणि त्यानंतर कितीतरी वेळ माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.