चौतीस घरांची चटणी

आमच्या समोरच्या घरातल्या सुनेने पत्र्याच्या शेडमध्ये मिरची कुटायचा डंक घातला. तिचं माहेर मलकापूरकडचं, कामाला वाघ. उन्हाळ्यात डंकापुढे रांग लागायची, कारण वर्षाची चटणी सगळे तेव्हाच करून ठेवतात. उरलेले नऊ महिने मशीन झाकलेलं. सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत बारमाही काम दिसलं नाही तर डंक विकायचा आणि शेड मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायची.

मी कॉलनीच्या मंडळाचा सेक्रेटरी. आपल्या माणसांचे धंदे आपणच उभे केले पाहिजेत, असं सभेत दोनदा बोललो होतो. आता काहीतरी करणं भाग होतं. मी तिला तयार चटणीच्या पुड्या करायला सांगितल्या. किलोभर मिरचीला कांदा, लसूण, खोबरं, धणे किती, हे मीच ग्रॅममध्ये ठरवलं. गणपतीनंतर तीन रविवार आम्ही दोघं नमुने घेऊन चौतीस घरं फिरलो. एकोणतीस घरांत चहा मिळाला. मागणी एकाही घरातून आली नाही.

शेवटचं घर फ्लॅटमधल्या एका आजींचं. त्यांनी पुडी हुंगली.

"वास झ्याक हाय. तुमच्या घरात हीच खाताय व्हय?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्यात आमची घरचीच असते."

"मग आमच्याच गळ्यात का घालताय वो, सेक्रेटरी?"

जिना उतरताना सून म्हणाली, "दादा, खरं बोलून घालवलासा की समदं!" दोन पायऱ्या उतरून ती थांबली आणि परत वर गेली. मीही गेलो.

"आजी, तुमच्यात खोबरं किती घालतासा?" सुनेने विचारलं.

"किलोला पाव. लसूण जरा चढताच. खरं आता मिरच्या वाळवू कुठं? गच्चीला कुलूप घातलंय मेल्यांनी."

"मला द्या. आमच्या पत्र्यावर वाळवते, तुमच्यासमोर कुटते. दोन किलो असली तरी चालंल."

चूक माझी होती. लोकांकडे गच्ची नव्हती, वेळ नव्हता. चटणीचं प्रमाण मात्र प्रत्येकाकडे होतं आणि ते दुसऱ्याचं चालत नव्हतं. मी सगळ्यांना एकच द्यायला निघालो होतो.

पुढच्या फेरीत पुड्या नेल्या नाहीत, वही नेली. सून विचारायची, मी लिहायचो. चौतीस घरांत कुठल्याही दोन घरांचं प्रमाण जुळलं नाही. एका घरात तर सासूचं वेगळं आणि सुनेचं वेगळं. दोन्ही लिहून घेतली. दिवाळीच्या आधी अकरा घरांनी मिरच्या दिल्या. म्हणजे तिसरा हिस्साही नाही. सासऱ्यांना मी आकडा तसाच सांगितला.

त्याच आठवड्यात मोबाइलवाला शेड बघायला आला. सासरे दारातच खुर्ची टाकून बसले होते. ते उठले नाहीत.

"आत मिरची चालू हाय, पावणं. ठसका लागंल. दुसरीकडं बघा."