तळाच्या थरातली बाई

ती पहिल्यांदा क्लिनिकमध्ये आली तेव्हा तिचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. साठीच्या जवळ आलेली, ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनीअर, मुलं मायदेशी. मी मूळची वसईची, दोह्यात फिजिओथेरपिस्ट आहे. आखडलेले खांदे रोजच बघते. लोकांचं मागणं साधं असतं: केस विंचरता यावेत, गाडीचा पट्टा ओढता यावा. हिने विचारलं, सप्टेंबरपर्यंत दोन्ही हात डोक्यावर नेऊन माणसाचं वजन पेलता येईल का?

मला वाटलं, ऐकण्यात माझीच चूक झाली. मग तिने मोबाइलवर फोटो दाखवला. चौकात गच्च गर्दी, तिच्या मधोमध माणसांच्या खांद्यांवर उभी राहिलेली माणसं, आणि पार टोकाला हेल्मेट घातलेली एक चिमुरडी. मी म्हणाले, हे आमच्याकडेही असतं, दहीहंडीला. तिला ते माहीत होतं.

"तुमच्याकडे वर मडकं असतं," ती म्हणाली. "आमच्याकडे वर काहीच नसतं."

ती स्पेनमधल्या कातालोनियाची. आठवड्यातून दोनदा यायची. भिंतीवर बोटांनी हळूहळू चढत जायचा व्यायाम कंटाळवाणा असतो, त्यामुळे तो करताना ती बोलत राही. तिच्या भागात दोनेकशे वर्षांपूर्वी मिरवणुकीत एक नाच असायचा, आणि त्याच्या शेवटी नाचणारे एकमेकांच्या खांद्यांवर चढायचे. पुढे नाच मागे पडला, चढणं तेवढं उरलं. संघासंघांत ईर्षा लागली. मग लोक पोटापाण्यासाठी शहरात गेले, संघ मोडले, थर खुजे झाले. युद्ध झालं, हुकूमशाही आली. तरी ते तगलं. हुकूमशाही संपल्यावर काही वर्षांनी बायका त्यात आल्या आणि मनोरे पुन्हा उंच झाले. त्या पहिल्या बायकांमधली ती एक.

दीड महिन्यात हात कानापर्यंत आला. पण त्यावर भार टाकला की ती ओठ चावायची. शेवटी मी सांगितलं की हात अजून वर जाईल, पण या वर्षी वजन पेलणार नाही. ती पुढच्या दोन अपॉइंटमेंटना आली नाही.

तिसऱ्या वेळी आली ती कापडी पिशवी घेऊन. तिच्यात काळ्या कापडाचा लांबलचक पट्टा होता. मनोऱ्यात उभे राहणारे तो कमरेला घट्ट गुंडाळतात. पाठीला आधार मिळतो आणि चढणाऱ्याला पाय रोवायला जागा होते. तिने एक टोक माझ्या हातात दिलं, ताणून धर म्हणाली, आणि दुसरं कमरेला लावून स्वतःभोवती गिरक्या घेत माझ्याकडे येऊ लागली. पडद्यापलीकडचा पेशंट काय म्हणेल म्हणून मी ओशाळले होते. ती अगदी जवळ येऊन थांबली, आणि मग तिने वडिलांची गोष्ट सांगितली.

वडील आयुष्यभर तळाच्या गर्दीत उभे राहिलेले. आई संघाच्या पांढऱ्या विजारी धुवायची. बाईचं काम तेवढंच. एकोणिसाव्या वर्षी ही भावाचा पट्टा घेऊन सरावाला गेली, तेव्हा वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. हिवाळाभर जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटलीसुद्धा आईच्या हातून सरकवायचे. संघातले पुरुषही तिला पट्टा बांधू लागत नसत. ती टोक दाराच्या कडीला अडकवायची आणि गिरक्या घ्यायची. एका रविवारी टोक कडीतून निसटलं. ते कुणीतरी उचलून ताणून धरलं. तिने वळून बघितलं, तर वडील.

"काही बोलले का?" मी विचारलं.

"म्हणाले, 'सैल बांधतेस.' एवढंच. त्यानंतर ते होते तोवर माझा पट्टा त्यांनीच धरला."

माझे वडीलही मी कतारला यायचं ठरवलं तेव्हा तीन आठवडे अबोल होते. विमानतळावर त्यांनी माझ्या बॅगेला दुसरं कुलूप लावलं. मी हे तिला सांगितलं. तिने माझा हात थोपटला.

त्या दिवशी व्यायाम राहिला. मी तिला म्हटलं, तळात कोण कुठे उभं राहतं ते काढून दाखवा. तिने कागदावर वर्तुळामागे वर्तुळं काढली. मध्यापासून चौथ्या रांगेत पुढच्याच्या पाठीवर हात टेकवून नुसता रेटा द्यायचा असतो, हात छातीच्या उंचीवर. तेवढं तिचा खांदा करू शकला असता. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, चालेल, पण थोडाच वेळ. संघाने कळवलं, ये. चाळीस वर्षं पुढे उभी राहिलेली बाई मागे जायला तयार झाली. मात्र जाताना तिने तो कागद चुरगळून टाकला.

सप्टेंबरमध्ये तिचा व्हिडिओ आला. दोह्यातल्या अल थुमामा भागातल्या घरी मी तो माझ्या मुलीला दाखवला. टोकावरच्या पोरीने हात वर केला, पण आम्ही श्वास सोडला तो सगळे खाली उतरल्यावर. नीट उतरलं तरच मनोरा पूर्ण झाला म्हणतात. "अँड व्हेअर इज शी?" मुलीने विचारलं. मी तीनदा बघितलं, ती काही दिसेना. तिला कळवलं, तर उत्तर आलं: टकल्या माणसाच्या मागे. मी मोजले, टकले अकरा होते.

ऑक्टोबरमध्ये ती परत आली. खांदा दुखत होता. किती वेळ उभ्या होतात, विचारलं, तर तिने नजर चुकवली. मी रागावले नाही. बर्फाची पिशवी आणली आणि तिला चौकातलं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.