विहीणबाईंनी मला पाळण्यापासून लांब बसवलं

बायांनो, आज इंदिरानगरला लेकीच्या सासरी नातीचं बारसं होतं. सिन्नरहून जीपनं गेले, नवी हिरवी साडी नेसून. माझ्या छातीच्या गाठीला दवाखान्यात किरणांचा शेक देत होते, तो मागच्या महिन्यात संपला. त्यापायी बाळंतपण माझ्याकडं झालं नाय, म्हणून नात आजच पहिल्यांदा बघितली.

विहीणबाईंनी मला दारापाशी खुर्ची टाकली. म्हणाल्या, "ताई, बाळाला घेऊ नका. तुमच्या अंगात अजून किरणं असतील."

ही बाई शाळेत हेडमास्तरीण होती म्हणे. त्या पोरांचं काय झालं असेल, देव जाणे.

मी चौथी नापास, पण विचारून घेतलं होतं. दवाखान्यात किरणांचं मोजमाप ठेवणारी पोरगी म्हणाली होती, "आजी, तुमचं मशीन बाहेरून शेक देतं. बटण बंद, किरणं बंद. दिवा विझवल्यावर उजेड घरात उरतो का?"

हे सांगितलं तर विहीणबाई म्हणतात, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

मग बाया पाळण्यावरून बाळ एकमेकींना देऊ लागल्या, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. माझ्या लेकीच्या, वर्षाच्या हातात बाळ आलं, तिनं ते पुढं दिलंच नाय. सगळ्यांदेखत दारापाशी आली. "घे आई, तुझा गोपाळ."

नातीनं मांडीवर आल्या आल्या साडी भिजवली. विहीणबाई फडकं घेऊन आल्या, तीन हात लांब थांबल्या आणि तिथूनच टाकलं. मी ते उचललंसुद्धा नाय.

घरी येऊन दोन तास झाले, साडी अजून अंगावरच हाय. तुम्ही असता तर धुतली असती का?