एव्हर्टन वर, फुलहॅम खाली

गुढियारीत धाकट्या शेखरकडे राहणाऱ्या नरहरींना नात निधीला सोडून कुठंच जायचं नव्हतं. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये शेखरचा संघ एव्हर्टन, नवा रायपूरच्या थोरल्या श्रीपादचा फुलहॅम. लेकाच्या आनंदासाठी नरहरींनी सीझनभर एव्हर्टनकरता देवाला हात जोडले.

शेवटच्या सामन्याला त्यांनी हळूच विचारलं, “निधी, तुझा बाप एवढं टेन्शन काहून घेऊन राहिला?”

“दादाजी, बड़े पापा से शर्त लगी है. जिसकी टीम नीचे रहेगी, अब आप उसके घर रहोगे.”

नरहरींचे जोडलेले हात सुटले. तेवढ्यात गोल झाला आणि एव्हर्टन फुलहॅमच्या वर गेला.

“बाबा, वाचलो!” शेखर ओरडला. मोठा झाल्यापासून पहिल्यांदाच त्यानं बापाला कडकडून मिठी मारली.