महिला सभेचं रजिस्टर

कौशल्याबाई झालं गेलं विसरणारी बाई आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने चाकणच्या पलीकडच्या तिच्या गावात जाऊन सोपानरावांना विचारावं. उपसरपंच सोपानरावांनी गोदामासाठी प्लॉट पाडला, त्याला भिंत घातली आणि त्या भिंतीत कौशल्याबाईच्या रानाकडे जाणारी पाणंदच गिळून टाकली. गेल्या वर्षी तिचा काढलेला कांदा रानात पडून होता आणि ट्रॅक्टर काही आत जाईना. एकटी विधवा बाई, डोक्यावर पाट्या घेऊन बांधाबांधाने वाहत राहिली. चौथ्या दिवशी वळवाने गाठलं. राहिलेला सगळा माल जागेवर सडला.

ती पंचायतीची सदस्य होती. तरी सोपानराव तोंडावर हसले. "वैनी, पाणंद नकाशात हाय, पर रानात कुठंय?"

ती भांडली नाही. तिने डूख धरला.

संधी सोपानरावांनीच आणून दिली. गोदामाला पंचायतीचा ना-हरकत दाखला हवा होता, म्हणून ग्रामसभा लागली. तिच्या आदल्या दिवशी महिलांची सभा घ्यावी लागते. गावात ती दहा वर्षं भरलीच नव्हती. शिपाई ज्ञानदेव रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा, बाया भाकरी थापता थापता सह्या करायच्या आणि वरच्या कोऱ्या जागेत सोपानराव हवा तो ठराव लिहून घ्यायचे.

या खेपेला कौशल्याबाईने रजिस्टर ज्ञानदेवच्या हातातून काढून घेतलं. "बस जरा सावलीला. सह्या मी आणते." तिने बायांना मारुतीच्या देवळात गोळा केलं आणि खरोखरीची सभा घेतली. पाणंद मोकळी झाल्याशिवाय गोदामाला दाखला नाही, असा ठराव स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून दाखवला, सह्या घेतल्या आणि रजिस्टर थेट ग्रामसेवकाकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ग्रामसेवकाने तो ठराव वाचला. सोपानराव ताडकन उठले. "असली सभा झालीच न्हाई!"

"मग आदीच्या कवा झाल्या, भावजी? त्येबी सांगा की समद्यांना," कौशल्याबाई म्हणाली. "आन् शेवटची सही वाचा."

सही प्रभावतीची होती, सोपानरावांच्या बायकोची. बाया पदराआड हसल्या, सोपानराव गुमान खाली बसले.

आठवड्यात भिंत पडली. मग ते स्वतः तिच्या दारात आले. "आता दाखल्याचं बघा, वैनी. गोदामाला आलेलं गिऱ्हाईक थांबायचं न्हाई."

"त्येला पुन्हा महिला सभा घ्यावी लागंल. बाया रानात गुतल्यात, भावजी. दिवाळीनंतर बघू."

गिऱ्हाईक शेजारच्या गावात गेलं. ते कळलं त्या दिवशी कौशल्याबाई वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवली. आता ती ट्रॅक्टरवरून त्या ओसाड प्लॉटजवळून जाते तेव्हा ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला लावते आणि नजर भरून बघून घेते. तिला अजून पुरेसं वाटत नाही.