पिवळ्या टोपऱ्याची पळवापळवी

आता ही फजिती मीच सांगून टाकते बाप्पा. नाही तं माहा पोरगा सुनील सांगन, अन् तो तं तिखटमीठ लावल्याबिगर बोलतच नाही.

होळीच्या दिवसांत आमी मारेगावाहून निघालो. गावोगावची होळी पाहत महागावपर्यंत जायचं, हे सुनीलचंच खूळ. गाडीत तो, सून कल्पना, मी अन् पाच महिन्यांचा गोलू. माहा सारा जीव त्या लेकरात. कुठं रंग उडे, कुठं धूर निघे. मी आपली, "काच लाव, लेकराच्या डोळ्यात जाईन."

सुनील म्हणे, "आई, आपुन होळी पाहायले आलो का काचा पाहायले?"

महागावजवळ त्याच्या मित्राचा, वसंत राठोडचा बंजारा तांडा. तिथं डफ वाजून राह्यला, बाया गाणं म्हणून राह्यल्या. वसंतच्या बायकोनं मोठ्या मायेनं गोलूले पिवळं झबलं-टोपरं घातलं. म्हणे, "आमच्या बाळाले शिवलं, तसंच याले शिवलं."

तेवढ्यात कोनी तरी गुलाल उधळला अन् माह्या चश्म्यातून सारी दुनिया लाल दिसू लागली. कल्पनाले म्हटलं, "लेकरू सोडू नको हं," अन् चश्मा धुवायले पाण्याच्या ड्रमाजवळ गेली.

मान वळवली तं कल्पना जागेवर नाही. अन् समोर काय? एका म्हातारीच्या मांडीवर पिवळं टोपरं, अन् धडधाकट गडी त्याच्यावर काठ्या आपटून राह्यले.

तुमीच सांगा, कोन्या आजीच्यानं राहवन? मी घुसली काठ्यांखालून. लेकरू उचललं, पदराखाली घेतलं अन् पळाली. माहे गुडघे दुखतात, हे गुडघ्यांलेबी आठवलं नाही. डफ बंद पडला. मागं सारा तांडा.

"सुनील, गाडी काढ! गोलूले मारून राह्यले!"

सुनील गाडीले टेकून उभा. "कोन्या गोलूले वं आई?"

आत पाह्यलं तं कल्पना गोलूले दूध पाजून राह्यली. "आई, मंग हे कोनाचं लेकरू?"

कल्पनानं गोलूले सीटवर ठेवलं. मीबी हातातलं लेकरू त्याच्याच बाजूले ठेवलं अन् पदरानं घाम पुसला. तवरोक ती म्हातारी आली, वसंतची माय. धापा टाकत म्हणे, "याडी, माह्या नातवाची पहिली होळी हाये. आमच्यात लेकराची धुंड करतात. डोक्यावर आडवी काठी धरायची, तिच्यावर बाकीच्या वाजवायच्या. लेकराले धक्का लागत नाही. तू कायले पळवलं?"

याडी म्हणजे आई. एवढं करूनबी तिनं मले आईच म्हटलं. मी लाजेनं मान खाली घातली, लेकरू उचललं अन् तिच्या हाती देल्लं. "चुकलं माय, घे तुहा नातू."

तिनं टोपरं सरकवून पाह्यलं. "हा तं तुहा हाये."

चश्मा अजून माह्या हातातच होता.

मंग तांड्यानं दोनी लेकरांची धुंड संगंच केली. गोलू माह्या मांडीवर. काठ्या खडखडल्या अन् मी डोळे गच्च मिटले. उघडले तवा गोलू घोरून राह्यला होता, थरथरत मीच होती.

निघताना म्हातारी गाडीजवळ आली. मले वाटलं, निरोप द्यायले आली असन. तिनं खिडकीतून हात घातला, माह्या मांडीवरचं टोपरं वर केलं, लेकराचं तोंड नीट पाह्यलं, अन् मंग सुनीलले म्हणे, "हं, जा आता."