सुभद्रावहिनींनी सही थांबवली

लालबागच्या आमच्या चाळीत चांगली बातमी कानावर यायच्या आधी तोंडात पडते. त्या दिवशी सुभद्रावहिनींनी पेढ्यांचा बॉक्स पुढे धरला, तेव्हा मी आधी पेढा उचलला आणि मग विचारलं, "कसले हो?"

"आमच्या सुचित्राचं क्रिएटिनिन पाचावरून सातावर गेलं, भावोजी!"

मी म्हटलं, "वा वा!" आणि आणखी एक उचलला. मला तरी काय कळणार? मी गावच्या शाळेत सातवी झालेला माणूस. आमच्या मास्तरांनी फळ्यावर 'मूत्रपिंड' लिहिलं नि वर्ग असा खिदळायला लागला, की मास्तरांनी आधी आम्हाला झोडपलं आणि मग फळा पुसला. तो धडा बुडाला तो बुडालाच. किडन्या पोटात नसून पाठीकडे असतात, हे मला कळायला केस पांढरे व्हावे लागले.

वहिनी म्हणजे माझा दोस्त रमाकांत, त्याची बायको. गिरणीत आमचे माग शेजारी शेजारी. तो गेला, तेव्हा वहिनींनी मसाल्याच्या डंकावर काम धरलं. मिरच्या निवडायच्या, कुटलेला मसाला चाळायचा. घरात मुलगा मयूर आणि त्याची बायको सुचित्रा. सुचित्राच्या किडन्या दोन वर्षांपासून कमजोर होत चाललेल्या. मागे डॉक्टर म्हणाले होते, हिमोग्लोबिन वाढवा. ते वाढलं तर डॉक्टर खूश झाले. तेव्हा वहिनींनी मनाशी गाठ मारली, की रिपोर्टातला आकडा वर गेला म्हणजे पोरगी सुधारली. परीक्षेत मार्क वाढावेत, तसं.

संध्याकाळी सुचित्रा इस्पितळातून आली, तर जिन्यातच बाया तिचं अभिनंदन करायला लागल्या. ती तशीच खोलीत गेली. मी दारातच होतो.

"आई, ते वाढायला नको होतं," ती म्हणाली. "ती शरीरातली घाण आहे. किडनी ती बाहेर टाकत नाही, म्हणून आकडा वाढतो. आता डायलिसिस करावं लागणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"भावोजी, मी सुनेच्या दुखण्याचे पेढे वाटले. आता कळल्याबिगर हसायचं नाही नि रडायचंही नाही. माका सगळा कळाक होया!"

मग बाई पेटलीच. डायलिसिसच्या खोलीत सुचित्रा चार चार तास मशीनला जोडलेली, आणि वहिनी तिथल्या नर्सच्या मागे. हे काय, ते कशाला, हे थांबलं तर काय होईल? समजलं नाही तर पुन्हा विचारायच्या. समजलं, तरी आपल्या शब्दांत सांगून बघायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर ना गो?" नर्सही हळूहळू रंगायला लागली.

एकदा मी डंकावर हळद आणायला गेलो. वहिनींनी मला चाळणीसमोरच बसवलं.

"बघा. आपली चाळण चांगलं खाली सोडते, काड्या वर ठेवते. किडनीची चाळण उलटी. ती घाण खाली सोडते नि चांगलं वर रक्तात ठेवते. जाळी फाटली, की चांगलंही लघवीतून वाहून जातं. मग पाणी रक्तात टिकत नाही, पायांत उतरतं. सुचित्राच्या पायांना सूज का येते, कळलं आता?"

मला कळलं, पण मिरचीच्या खकाण्याने इतक्या शिंका आल्या, की हो म्हणायला वेळ लागला.

पुढे डॉक्टर म्हणाले, दुसरी किडनी बसवणं बरं. मयूर लगेच तयार झाला, तर त्याला मधुमेह निघाला. सुचित्राच्या भावाचा रक्तगट वेगळा. आईवडील दोघंही नाहीत. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "माझी तपासा."

सुचित्रा चिडली. "तुमची मी घेणार नाही, आई. उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"काय होईल ते मी विचारून घेते. तू मध्ये बोलू नको."

चाळीत कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरचा दगडू तर तोंडावरच म्हणाला, "सून ती! रक्ताची नाही, काही नाही. किडनी कशी जुळायची?"

"रक्तगट जुळला. आमची पत्रिका कुठे जुळली होती रे? तरी आठ वर्षं एका खोलीत काढली ना?" वहिनी म्हणाल्या. "आणि क्रॉसमॅच म्हणून असतं. दोघींचं रक्त एकत्र करून बघतात, भांडतं का ते. नाही भांडलं."

"तुम्ही दोघी भांडता, ते आम्ही ऐकतो की!"

"ते तोंडाचं. रक्ताचं वेगळं."

एवढं होऊनही एक अडचण उरली होती. कायद्याच्या हिशेबात सासूला जवळच्या नात्यात धरत नाहीत. कुणी धाकदपटशाने किंवा पैशापायी तर देत नाही ना, हे एक समिती बघणार, आणि तिने हो म्हटलं तरच ऑपरेशन. समिती नाही म्हणाली, तर सुचित्रा पुन्हा मशीनवर, आणि मशीनवर तिची तब्येत दिवसेंदिवस खालावत होती.

समितीने बोलावलं, त्या दिवशी मीही परळच्या इस्पितळात गेलो. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. आतलं सगळं मला नंतर सुचित्राने नकला करून दाखवलं, म्हणून सांगतो.

आधी वहिनींना एकट्यांना विचारलं. मग सगळ्यांना आत घेतलं आणि सहीसाठी कागद पुढे ठेवला. आदल्या आठवड्यात मयूरने तो त्यांना वाचून दाखवला होता. वहिनींनी पेन घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"यात एक शब्द आहे, थ्रॉम्बोसिस. तो मला कळलेला नाही."

मयूरला घाम फुटला. "आई, मी घरी सांगतो ना. कर ना सही! ते म्हणतील, हिचं मन नाही."

"तुलाही कळला नव्हता. काहीतरी असेल, म्हणालास." मग त्या समितीतल्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "सांगा, मॅडम. मग मी ठरवीन."

सुचित्रा म्हणते, मला वाटलं, संपलं आता.

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "ऑपरेशननंतर माणूस नुसता पडून राहिला, की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली, तर जिवावर बेततं. क्वचित होतं, पण होतं."

"होऊ नये म्हणून काय करायचं?"

"आम्ही औषध देतो. आणि दुसऱ्याच दिवशी उठवून चालवतो. टाके दुखतील."

"दुखू देत." वहिनींनी सगळं एकदा आपल्या शब्दांत म्हणून बघितलं. "बरोबर ना?"

"बरोबर. एवढं विचारलंत, आता भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण कशाची वाटून घ्यायची, ते आता माहीत आहे."

आणि सही केली. ठसठशीत, रेघेच्या खाली उतरलेली.

मॅडम बाजूच्या डॉक्टरांना म्हणाल्या, "यांच्यावर कुणी जबरदस्ती करू शकेल, असं वाटतं का तुम्हाला?" त्या डॉक्टरांनी मयूरकडे बघितलं आणि नुसती नकारार्थी मान हलवली. त्याच आठवड्यात परवानगी आली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायच्या वेळेला गेलो. कॉरिडॉरमधून मयूर धावतच आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "काका, सुचित्राला लघवी झाली! भरपूर झाली!" बाकावरच्या अनोळखी माणसांनीही हात जोडले. इस्पितळात कुठली बातमी आनंदाची, ते तिथल्यांना बरोबर कळतं.

वहिनी कॉटवर नव्हत्या. बघतो तर पलीकडून येत होत्या. कमरेत वाकलेल्या, एक हात कुशीवर, दुसरा नर्सच्या खांद्यावर, कपाळावर घाम.

"आजी, पुरे आता. दोन फेऱ्या झाल्या," नर्स म्हणाली.

"अजून एक."

मी पुढे झालो, तर मला म्हणाल्या, "भावोजी, वाटेतून सरा. बोलायला वेळ नाही."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. त्या माझ्यासमोरून खिडकीपर्यंत गेल्या, श्वास घेतला आणि वळल्या.